जांभळी पट्टी

सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याला मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारली आणि चार खणांत चार शब्द लिहिले. राजकीय. आर्थिक. सामाजिक. तांत्रिक. मग खडूची बोटं पँटला पुसत म्हणाले, "कुठल्याही एका माणसाची कारकीर्द घ्या. ती वर का गेली, खाली का आली, ते या चार खणांत बसवून आणा. माणसाला वाटतं आपण आपल्या पायांनी चालतोय. चालवतात हे चौघं."

वर्ग शनिवारी दुपारी भरतो. आम्ही सगळे पाणीपुरवठा कार्यालयातले, चाळिशी ओलांडलेले, बढतीच्या परीक्षेसाठी पुन्हा बाकांवर येऊन बसलेले. मी तक्रार खिडकीवर असते. पंधरा वर्षं लोकांच्या कोरड्या नळांची गाऱ्हाणी ऐकते आहे, त्यामुळे कुणाचं काय आटलं, कधी आटलं, हे विचारायची जिभेला सवयच झाली आहे.

शेजारच्या मीटर वाचणाऱ्याने बुटांच्या कारखानदाराचं नाव लिहिलं. माझ्या वहीत डोकावून म्हणाला, "तुमचं कोण?"

"माझे वडील. क्लॅरिनेट वाजवायचे."

"वाजवायचे म्हणजे... गेले?"

"नाही. आहेत. वाजवत नाहीत."

"मग कारकीर्द कुठली?"

"तीच तर शोधायची आहे," मी म्हटलं.

तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत आम्ही पाच जण राहतो. बाबा, मी, धाकटा भाऊ, भावजय आणि लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली त्यांची चार महिन्यांची मुलगी. तिच्या हनुवटीवर तिळाएवढा डाग आहे म्हणून ती ठिपकी. ठिपकी झोपत नाही. खांद्यावर घ्या, मांडीवर थोपटा, पाळण्याची दोरी ओढून ओढून हाताला घट्टे पडोत, ती आपली टक्क डोळ्यांनी छताकडे बघत असते, जणू कुणीतरी तिला पहाऱ्यावर बसवलंय. भावजय म्हणते, "हिने सगळी झोप पोटातच संपवली. आता माझी खातेय."

बाबांचा पलंग बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून. पलंगाखाली काळी पेटी. त्या पेटीवर धूळ कधी बसत नाही, एवढंच तिच्याबद्दल आम्ही जाणतो. ती उघडताना वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नाही. बाबांची फुप्फुसं निम्म्यावर आली आहेत. डॉक्टर म्हणाले, आता फुंकायचं काही नाही, गरम चहासुद्धा नाही. बाबा म्हणाले, "बशीत ओतून पितो, साहेब. फुंकायची वेळच येत नाही."

पण ठिपकी आल्यापासून त्यांनी एक धोशा लावला होता. श्वास पुरता संपायच्या आत एकदा, एकदाच, तिला वाजवून दाखवायचं. मी तान्ही असताना मला वाजवलं होतं तेच.

आणि भावजयीचं उत्तरही ठरलेलं होतं. "बाबा, दुसरं काहीही वाजवा. पोरीसमोर ते नको."

ती वाईट नाही. तिचंही काही चुकत नव्हतं. त्या धुनेला या देशात सगळे 'मयताची धून' म्हणतात.

निबंधासाठी मुलाखत म्हटल्यावर बाबांनी दाढी केली. केस विंचरून, शर्टाची वरची गुंडी लावून पलंगावर ताठ बसले. मी चार खण आखलेला कागद समोर धरला.

"पहिला खण राजकीय."

"म्हणजे साहेब गेले ते," बाबा म्हणाले.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. देशाचा सगळ्यांत मोठा माणूस गेला आणि सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. शाळा बंद, दुकानांची दारं अर्धी खाली. रेडिओवर ना गाणी ना नाटकं. तासातासाला बातमी, आणि दोन बातम्यांच्या मध्ये एकच धून. एकट्या क्लॅरिनेटची, साडेतीन मिनिटांची. संपली की पुन्हा तीच. खालून, वरून, समोरच्या घरातून, पानाच्या टपरीवरून तीच. सात दिवसांत तिने अख्ख्या देशाचे कान आतून रंगवून टाकले.

पहिल्या दिवशी दुपारी बाबा रेडिओ केंद्रातून घरी आले ते मला आठवतं. चपला न काढता आत आले आणि म्हणाले, "माझं वाजतंय."

आई तेव्हा होती, कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "अहो, ही तर पोरीची अंगाई," ती म्हणाली.

"हळू बोल," बाबा म्हणाले. "लोकांना कुठे ठाऊक आहे?"

खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. धुनेला शब्द होते ते आईचे. ती जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली बाई. ओवी तिच्या तोंडून घाम यावा तशी यायची. मी एक वर्षाची असताना तिने दोन ओव्या जुळवल्या, बाबांनी त्यांना चाल लावली. केंद्रावर एके दिवशी रेकॉर्डिंगची खोली तासभर रिकामी मिळाली तेव्हा ती चाल नुसत्या क्लॅरिनेटवर उतरवून ठेवली. शब्द घरातच राहिले.

"दुसरा खण सामाजिक घेऊ या," मी म्हटलं.

बाबांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "लग्नांची माणसं बोलावीनात."

केंद्रातली नोकरी होतीच, पण लग्नसराईत ते एका बँडबरोबर जात. दुखवट्यानंतरच्या पहिल्याच लग्नात त्यांनी वरातीची चांगली नाचरी चाल सुरू केली आणि नवरीची मावशी भर मांडवात रडायला लागली. मग आजी. मग स्वैपाकाच्या बायका. कुणी ओरडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसते डोळे पुसत उभे राहिले. चाल कुठलीही असो, त्या वाद्याचा आवाजच आता त्या सात दिवसांचा झाला होता. बँडमास्तर भला माणूस. तो म्हणाला, "गडी कमी दिसला तर गिऱ्हाईक कुरकुरतं. तू ये. गणवेश घाल, ओठाला लाव, बोटं चालव. फक्त फुंकू नकोस."

"आणि तुम्ही गेलात?"

"दोन सराया," बाबा म्हणाले. "बोटं चालायची, फुंक नाही. सगळी गाणी वाजवली मी. एकही चुकली नाही."

ते हसले. मी लिहीत राहिले. तक्रार खिडकीवर असंच करतात. माणूस बोलायला लागला की त्याच्याकडे बघायचं नाही.

आर्थिक खणात फार लिहावं लागलं नाही. लग्नं सुटली तशी मयतं लागली. आधी बाबांनी नाही म्हटलं. मग भाऊ शाळेत गेला, आई आजारी पडली. मग ते मयतांना जाऊ लागले. माणसं आपण होऊन विचारायची, ते रेडिओवरचं वाजवणारे तुम्हीच ना, आमच्या म्हाताऱ्याची इच्छा होती. सोळा वर्षं बाबांनी पोरीची अंगाई परक्या माणसांच्या तिरडीपुढे वाजवली. आमच्या घरात त्या सोळा वर्षांत ती एकदाही वाजली नाही. धाकट्या भावाला तर ती अंगाई आहे हेच माहीत नव्हतं.

"तांत्रिक," मी म्हटलं.

"ते तर तुला दिसतंच आहे," बाबांनी खिडकीकडे हात केला.

आधी केंद्राने वाद्यवृंद मोडला. एक कीबोर्डवाला बारा जणांचं काम करू लागला. मग फोनमध्ये गाणी आली. मयताला क्लॅरिनेटवाला कशाला, खिशात आहे की. आणि चार वर्षांपूर्वी नगरपालिकेने नवीन शववाहिनी घेतली. तिच्या टपावर कर्णा आहे. चालक एक बटण दाबतो आणि आत ठेवलेलं जुनं रेकॉर्डिंग सुरू होतं. साडेतीन मिनिटं, पुन्हा साडेतीन मिनिटं. फुंक बाबांचीच, चाळिसाहून अधिक वर्षांपूर्वीची. बाबांची ताजी फुंक नको, कारण जुनी आहेच.

शववाहिनी आमच्याच रस्त्याने जाते. ती वळणावर दिसली की भावजय धावत येऊन खिडकी लावते. काच लागली तरी आवाज आत येतोच, फक्त गुदमरून.

त्याच मुलाखतीच्या वेळी ती आली. आणि नेमकी भावजय गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ठिपकी बाबांच्या पलंगावर उशांच्या कुंपणात पडून छताकडे पहारा देत होती. धून जवळ आली, खिडकीतून थेट आत शिरली. ठिपकीने मान वळवली. एकदा जांभई दिली. मग तिच्या पापण्या दुकानाचं शटर उतरावं तशा संथ, न अडकता खाली आल्या.

चार महिन्यांत पहिल्यांदा ती दिवसा, आपण होऊन झोपली होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणायला माझी जीभ रेटत नाही. "पाहिलंस?" ते कुजबुजले. "तिला कळलं. तिला कुणी काही सांगितलेलं नाही ना."

दारात रिकामी बादली घेऊन भावजय उभी होती. तिने रस्त्यावरून जाणारा कर्णा ऐकला, झोपलेली पोर पाहिली, आणि बादली तिथेच टाकून ठिपकीला उचलून छातीशी धरलं. ठिपकी दचकून उठली आणि रडू लागली.

"मयताच्या गाडीवर झोपली माझी पोर," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघं हसत बसलात."

"अगं, ऐक तर..." मी म्हटलं.

"ताई, मी पाच वर्षांची होते. दुखवट्याचा चौथा दिवस होता. आमचे अप्पा पलंगावर होते आणि शेजारी रेडिओ. आई त्यांचे पाय चोळत होती, आणि हेच वाजत होतं. अप्पा गेले तरी वाजतच होतं. कुणाला बंद करायचं सुचलं नाही." तिने ठिपकीचं डोकं आपल्या गळ्याशी दाबून धरलं. "मला हे लग्नाआधी कळलं असतं ना, की हे वाजवणारा माणूस माझा सासरा होणार आहे, तर मी या घरात पाऊल टाकलं नसतं. बाबांचा राग नाही मला. पण पोरीला नाही."

ती आतल्या खोलीत गेली. बाबांनी शर्टाची वरची गुंडी काढली.

मला माझा कागद अपुरा वाटत होता. इतक्या धुनांमधून त्या दिवशी हीच का निवडली? सरांनी शिकवलं होतं, निर्णय कुणी घेतला ते शोधा. म्हणून पुढच्या आठवड्यात रजा टाकून मी कात्रीकाकांकडे गेले. खरं नाव आम्हाला कधीच माहीत नव्हतं. केंद्रात ते ब्लेडने टेप कापून जोडायचे आणि बोलायचेही तसेच, म्हणून कात्री. आता ते लेकीच्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत राहतात. डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"तुझा बाप अजून आहे?" ते म्हणाले. "मला वाटलं, वर जाऊन माझ्यासाठी जागा धरून बसला असेल."

मी त्यांना त्या दिवसाबद्दल विचारलं.

"आमच्या भांडारात चार हजार रिळं होती. प्रत्येक ऐकून लावायचं म्हटलं तर मेलोच. म्हणून डब्याच्या पाठीवर रंगीत पट्टी असायची. लाल म्हणजे जलद, उत्साहाचं. हिरवी म्हणजे कार्यक्रमांमधल्या फटी बुजवायला. निळी म्हणजे संथ, निवांत. आणि जांभळी दुखवट्याची. वरून हुकूम आल्याशिवाय जांभळीला हात लावायचा नाही. त्या दिवशी हुकूम आला. ड्युटीवरचे साहेब स्वतः भांडारात आले. म्हणाले, जांभळं काढ. नऊ डबे निघाले. आठांत जुनाट खरखर. नववा कोरा करकरीत, कधी न वाजवलेला. तुझ्या बापाचा. साहेब म्हणाले, हाच. मी तो मोठ्या रिळावर सोळा वेळा उतरवला, म्हणजे सारखं सारखं लावायला नको."

"डब्यावर काय आहे ते लिहिलेलं असेल ना?"

"लिहिलेलं कोण वाचतं? पट्टी बघतात."

"पण तुम्ही ऐकलंत तरी..."

"ऐकलं ना. फार गोड होतं. पण जांभळी पट्टी बघून ऐकलं की पोरी, काहीही दुःखाचंच ऐकू येतं."

"पट्टी लावायचं काम कुणाचं होतं?"

कात्रीकाकांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं. "ज्याचं रेकॉर्डिंग त्याचं," ते म्हणाले. "आपल्या हाताने लावायची. नियमच होता."

दुपारी घरी आले तेव्हा बाबा जागेच होते. मी पलंगाच्या कडेला बसले. कागद काढला नाही.

"पट्टी जांभळी होती," मी म्हटलं.

बाबांनी ते काही नवीन सांगतोय अशा आवाजात सांगितलं नाही. रोजचा हिशेब कुणी विचारावा आणि आपण सांगावा, तसं सांगितलं.

"निळ्या संपल्या होत्या. टेबलावर जांभळ्यांचा गठ्ठा तेवढा शिल्लक. कोण मरतंय रोज? तू तापाने फणफणली होतीस, शेजाऱ्यांकडून निरोप आला होता, लवकर या. शेवटची बस सुटत होती. म्हटलं, आज ही लावू, उद्या येऊन निळी चिकटवू."

"मग?"

"उद्या तुझा ताप चढला. परवा मी विसरलो. मग नऊ वर्षं विसरलो."

"त्या सात दिवसांत सांगायचं होतंत. पहिल्याच दिवशी."

"गेलो होतो सांगायला. तुझी आई म्हणाली ना, ही तर पोरीची, तसाच उलट्या पावली परत गेलो. फाटकावर बंदुका होत्या. ड्युटीवरचे साहेब माझ्याकडे धावत आले. त्यांचे डोळे लाल झालेले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, सारा देश रडतोय तुमच्यामुळे." बाबांना धाप लागली, ते थांबले. "अकरा वर्षं वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसलो होतो. तोवर माझा हात कुणी धरला नव्हता. मी काय बोललो, माहितीये? आपली कृपा, असं बोललो."

ते खाली बघून हसले. "हे तुझ्या कुठल्या खणात बसतं ते बघ. राजकारणात टाक. तिथे जागा असेल."

स्वैपाकघराच्या दारात काहीतरी हललं. भावजय दुधाची बाटली हातात धरून उभी होती. किती वेळ, ते आम्हाला कळलं नव्हतं.

"म्हणजे," ती म्हणाली, आणि थांबली. मग पुन्हा म्हणाली, "म्हणजे माझे अप्पा गेले तेव्हा आमच्या घरात अंगाई वाजत होती?"

बाबांनी मान हलवली.

"शब्द आहेत तिला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला गाता येत नाही. मी तक्रार वाचून दाखवावी तशा त्या दोन ओव्या म्हटल्या.

वारा आला दारी
पाय पूस तरी
बाळ आहे घरी
हळू ये रे

सावली बसली
भिंतीशी टेकली
तीही पेंगुळली
बाळासंगे

भावजयीने बाटली खाली ठेवली. पदर तोंडाशी नेला नाही, डोळेही पुसले नाहीत. नुसती भिंतीकडे बघत राहिली, जिथे दुपारची सावली खरोखरच टेकून बसली होती. मग म्हणाली, "रविवारी वाजवा. हे घरी असतील तेव्हा. खिडक्या लावून. एकदाच."

रविवारी दुपारी बाबांनी पेटी उघडली. आतल्या मखमलीला खोकल्याच्या गोळ्यांचा वास होता. त्यांनी पाच तुकडे एकात एक बसवले. तुकडा एकही चुकला नाही. वाद्याच्या मुखाशी बसवायची वेताची रीड ओली करायला तोंडात धरून बसले, दाढेखाली औषधाची मुळी ठेवावी तसे. एकच रीड उरली होती, टोकाला चिरलेली. भाऊ श्वासाचा पंप घेऊन बाजूला उभा राहिला. मी खिडक्या लावल्या. भावजय भिंतीशी बसली, मांडीवर ठिपकी, टक्क जागी.

पहिला स्वर आला तो स्वर नव्हता, नुसती हवा होती. दुसराही तसाच. तिसऱ्यात आवाज सापडला. गाडीच्या कर्ण्यातून येतो तो हा आवाज नव्हता. हा म्हातारा होता, कडेने फाटलेला, मधेच थांबून भिंत धरणारा. पण चालीत हळू ये रे म्हणताना जी मुरड आहे, ती बाबांनी अशी घेतली की मला, चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला, पाठीवर कुणाचा तरी तळवा जाणवला.

पहिली ओवी पूर्ण झाली. ठिपकीने जांभई दिली. दुसरी सुरू झाली. सावली बसली. भिंतीशी टेकली. तीही पेंगुळली, आणि तिथे बाबांचा श्वास संपला. ओठ वाद्यावर, गालांत हवा नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. छातीतून दार करकरावं तसा आवाज आला.

उरलेले चार स्वर कुणी वाजवले नाहीत. भावजय खाली बघून, न गाता, नुसतं बोलली, "बाळासंगे."

ठिपकी झोपली होती.

भाऊ पंप घेऊन पुढे झाला तेवढ्यात दारावर टकटक झाली. मी उघडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्यामागे वरचा शिंपी, त्याच्यामागे आणखी दोघंतिघं, चपला जिन्यावर काढून, माना खाली घालून उभे. खिडक्या लावल्या होत्या. दारावरची, जिन्याकडची झडप मात्र उघडी राहिली होती.

"कधी गेले?" काकूंनी हळू विचारलं.

"कोण?" भाऊ म्हणाला.

काकूंनी आधीच पदराचं टोक हातात घेतलं होतं. भावजय बसल्या जागेवरून म्हणाली, "कुणी गेलं नाही काकू. पोर झोपलीय. हळू बोला."

शिंप्याने आत डोकावून बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याला हात केला. शिंपी ओशाळून म्हणाला, "छान वाजवलंत हो," आणि सगळे एकेक करून, आवाज न करता जिन्याकडे वळले, मयताच्या घरून परततात अगदी तसेच.

बाबा हसायला लागले. हसता हसता धाप, धापेतून खोकला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, "लिही. हे... सामाजिकात."

तो खोकला थांबला नाही. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. नऊ दिवसांनी घरी आणलं ते नाकात नळी आणि पलंगाशेजारी सिलिंडर घेऊन. आता ते बोलत नाहीत. बोलण्याएवढी हवा शिलकीत नाही. भावजय औषधं देते, तोंड पुसते, आणि अधूनमधून मला म्हणते, "ताई, मी हो म्हणायला नको होतं." मी म्हणते, तसं नाही. पण तसं नाही म्हणजे कसं आहे, ते मला सांगता येत नाही.

मी निबंध दिला. चार खण व्यवस्थित भरले होते. शेवटी एक जादा पान जोडून त्यावर पट्टीची हकिगत लिहिली होती, आणि तिच्या खाली, पोरीचा ताप. सरांनी वही परत केली तेव्हा त्या पानावर लाल शाईची तिरपी रेघ होती. 'विश्लेषण चांगले. वैयक्तिक चूक हा घटक नाही. हे पान गाळावे.' मीटर वाचणारा म्हणाला, "पास झालात ना, मग झालं तर." मी पान गाळलं नाही, फाडलंही नाही. घडी घालून काळ्या पेटीत ठेवलं, रीडच्या रिकाम्या डबीखाली.

काल दुपारी शववाहिनी पुन्हा आमच्या रस्त्याने आली. वळणावर कर्णा ऐकू आला तशी भावजय ठिपकीला खांद्यावर घेऊन सवयीने खिडकीकडे धावली. कडीवर हात गेला आणि तिथेच राहिला. धून खालून जवळ येत होती, तरण्या, दमदार श्वासाची. सिलिंडरच्या बाटलीत पाणी बुडबुडत होतं. बाबांचे डोळे उघडे होते.

भावजय मागे फिरली. तिने ठिपकीला बाबांच्या कुशीत, नळी सांभाळून, पालथं झोपवलं आणि त्यांचा हात उचलून तिच्या पाठीवर ठेवला.

खिडकी उघडीच होती. बाबांची बोटं ठिपकीच्या पाठीवर चालू लागली, एकामागून एक, एकही जागा न चुकता. ओठ मिटलेले होते. फुंक खालून, रस्त्यावरून येत होती.